परदेशी साहाय्य : त्याचा हेतू व त्याचे फळ
(मंडळ्यांच्या साप्ताहिक अभ्यासवर्गासाठी पाठ)



गेल्या चैत्रात आमच्या नांदगाव तालुक्यातील एका वस्तीवर प्रार्थनेसाठी जाण्याचा प्रसंग आला. वस्तीच्या तोंडाशी एक हापसा होता. त्याचा दांडा अडकून पडलेला असून ओट्यावर गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. परंतु ज्या परदेशी संस्थेने तो बसवून दिला तिच्या नावाची फरशी मात्र शाबूत होती. डोक्यावर हंडा घेऊन दुरून येणाऱ्या एका वृद्ध बाईंस मी विचारले, "आजी, हा हापसा कोणाचा?" त्या म्हणाल्या, "सायबांचा हाये, बाबा. त्यांनीच बसवला, तेच येऊन नीट करतील." तो बंद पडून दोन उन्हाळे लोटले होते. पंचायत समितीकडे आजवर कोणी अर्जच दिला नव्हता. अर्ज दिल्यावर मिस्त्री आला, आणि त्याने उघडून पाहिले तो आतील वायसर तेवढे झिजले होते.

आजींच्या उत्तरात आपल्या आजच्या पाठाचा विषय आला आहे. परदेशाहून जे साहाय्य येते त्याविषयी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. देणारा कोणत्या हेतूने देतो, हा पहिला. आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरते, हा दुसरा. आम्हांस "पोटासाठी ख्रिस्ती झालेले" असा टोमणा पिढ्यानपिढ्या ऐकावा लागला आहे. म्हणून ह्या प्रश्नांचा विचार इतरांपेक्षा आम्हीच अधिक प्रामाणिकपणे केला पाहिजे.

१. योसेफाची कोठारे

उत्पत्तीच्या पुस्तकातील वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे. कनानात दुष्काळ पडला तेव्हा याकोबाचे पुत्र धान्यासाठी मिसरात, म्हणजे आफ्रिका खंडात, गेले. आज जो खंड सदा मागणारा म्हणून दाखविला जातो, तोच त्या काळी देणारा होता. योसेफाच्या धान्याने पुष्कळांचे प्राण वाचले. परंतु सत्तेचाळिसावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचून जातो. त्यात मिसरी लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, शेवटी जमिनी व स्वतःस देऊन ते फारोचे दास झाले. ज्या मापाने जीव वाचतो त्याच मापाने मनुष्य बांधलाही जातो, ही गोष्ट पवित्र शास्त्राने लपवून ठेवलेली नाही.

२. मक्याचे जहाज

इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होता. त्या वेळी न्यूयॉर्क येथील 'ख्रिश्चन हेरल्ड' ह्या पत्राने आपल्या वाचकांकडून मदत गोळा केली, आणि अमेरिकन सरकारने भाड्याने घेतलेले 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे पाच हजार टन मका घेऊन मे १९०० मध्ये मुंबईकडे निघाले. वाटपाच्या कामी अहमदनगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम हे पुढारी होते. दुष्काळातील सेवेबद्दल त्यांस १९०१ मध्ये 'कैसर-इ-हिंद' पदक मिळाले.

देणाऱ्यांचा हेतू काय होता? बहुतेकांचा करुणेचाच होता. तथापि करुणेबरोबर मंडळी वाढावी ही इच्छाही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळात बाप्तिस्मा मागणारे वाढले आणि पाऊस पडल्यावर त्यांतील काही जण परत गेले, हेही खरे आहे. परंतु त्या वर्षांत मिशनने सांभाळलेल्या अनाथ मुलांस अक्षरओळख व हातचा धंदा मिळाला, आणि ती पुढे आपल्या पायांवर उभी राहिली. मका एका हंगामात संपला. शिकलेला हात मात्र मुलांच्या मुलांपर्यंत उपयोगी पडला.

३. पी. एल. ४८० चा गहू

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० झाला. तेथील शेतकऱ्यांचे धान्य न खपता कोठारांत साचले होते. ते परदेशी देऊन भाव सावरावा आणि मित्रही जोडावे, असा त्याचा उघड उद्देश होता. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, व त्याची किंमत रुपयांत घेण्याचे ठरले. १९६५ व १९६६ च्या लागोपाठच्या अवर्षणांत ह्या गव्हाने लक्षावधी लोक जगले. परंतु त्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडे थोडे, महिन्यामहिन्याच्या बोलीने सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीचे धोरण बदलावे हे एक कारण होते. व्हिएतनामच्या युद्धाविषयी भारत बोलत होता त्याचा राग हे दुसरे.

गहू आला म्हणून उपासमार टळली, आणि गहू अडवून धरला म्हणून देशास आपली परतंत्रता कळली. त्या जाणिवेतून नव्या बियाण्यांस व पाटबंधाऱ्यांस जोर आला. पुढे १९७२ चा मोठा दुष्काळ महाराष्ट्रावर आला, तेव्हाही बाहेरचा लाल मिलो लोकांनी खाल्ला. परंतु ज्या गोष्टीने गावे तरली ती म्हणजे सरकारी दुष्काळी कामे. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपाने उभी राहिली. तिच्यासाठी शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसविण्यात आला. शेजाऱ्याचे साहाय्य येथे दान न राहता हक्क झाले.

४. जालन्याचा हापसा

आता आमच्या वस्तीवरील हापशाकडे वळू. १९६७ च्या सुमारास युनिसेफने खडक भेदणारी यंत्रे दुष्काळी भागांत आणली व विंधन विहिरी झाल्या. परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मूळचे परदेशातील एकेका घरासाठी योजलेले होते. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव दांडा मारी. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांपैकी तीन पंप बंद आढळले. पैसा आला, यंत्र आले, पाणीही लागले. तरी लोक तहानलेलेच.

ह्यावर उपाय आमच्याच मराठी मुलखात निघाला. जालना येथील मिशनच्या पाण्याच्या कामात पोलादी पंप तयार झाला. सोलापुरास साखळी लावून तो अधिक मजबूत करण्यात आला. सोलापुरी पंपाच्या आधाराने भारत सरकार, युनिसेफ व मद्रास येथील कारखाना यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' हा हापसा सिद्ध केला. त्याचा आराखडा कोणाच्या मालकीचा ठेवला नाही. म्हणून तो अनेक कारखान्यांत बनू लागला व सुटे भाग सुलभ झाले. मागून आलेल्या 'मार्क तीन' मध्ये तर सर्व नळ वर न काढता आतील दट्ट्या बाहेर घेता येतो, म्हणजे गावच्या माणसासही दुरुस्ती साधते.

५. आफ्रिकेतील अनुभव

हाच हापसा पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात 'यू दोन' ह्या नावाने तो त्या देशाचा ठरीव पंप झाला. तथापि २००९ मध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांविषयी जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असल्याचे दिसले. कारणे आमच्या वस्तीवरचीच आहेत. एक संस्था एका जातीचा पंप आणते, दुसरी दुसऱ्या जातीचा. सुटा भाग शंभर मैलांवर. आणि देणारा किती विहिरी खणल्या हे मोजतो, पाच वर्षांनी किती चालतात हे मोजीत नाही.

साहाय्य ज्याच्या हातून वाटले जाते त्याचा हेतूही पाहिला पाहिजे. १९८४-८५ मध्ये इथिओपियात दुष्काळ पडला, तेव्हा साऱ्या जगाने कळवळून धान्य पाठविले व पुष्कळ जीव वाचले. परंतु तेथील सत्ताधाऱ्यांनी त्याच धान्याचा उपयोग लोकांस आपली गावे सोडून दूर वसविण्यासाठी करून घेतला.

आज आपला देशही देणारा झाला आहे. १९६४ पासून भारत आफ्रिकेतील व इतर देशांतील लोकांस येथे आणून शिक्षण देतो. कर्जेही देतो, परंतु त्या कर्जांतील बहुतेक माल भारतातूनच घ्यावा अशी सर्वसाधारण अट असते. तेव्हा जो प्रश्न आपण अमेरिकेस विचारतो तो आपणांसही लागू आहे.

६. सारांश

हेतू मिश्र असला तरी धान्याने पोट भरते, आणि हेतू शुद्ध असला तरी हापसा बंद पडतो. म्हणून देणाऱ्याच्या मनाची परीक्षा करून आपण थांबू नये. घेणाऱ्याने ती वस्तू आपली केली काय, हे पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी नवी होती. जिच्याकडून तिला वचन मिळाले त्या यहूदीयातील बंधूंस तिने दुष्काळात, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, मदत पाठविली. घेणारा देणारा होतो तेव्हा टोमण्यास उत्तर देण्याची गरज उरत नाही.

आमच्या वस्तीवर आता घरपट वर्गणी ठरली आहे. दोन घरे अजून देत नाहीत, त्यावरून भांडणेही होतात. तथापि दोन तरुण सुना मिस्त्रीजवळ उभ्या राहून पाना धरावयास शिकल्या, आणि जादा वायसर कोणाच्या घरी ठेवले आहे हे सर्वांस ठाऊक आहे. हापसा चालू आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावात बाहेरच्या साहाय्याने झालेल्या गोष्टी कोणत्या? त्यांतील आज चालू किती?
२. बंद असलेल्यांपैकी एक तरी आपण स्वतः दुरुस्त करू शकतो काय? त्यास काय लागेल?
३. मिसरी लोक धान्य घेता घेता दास कसे झाले, ते पायरीपायरीने सांगा.
४. ह्या वर्षी आपली मंडळी आपल्याहून गरजू अशा कोणास, काय देऊ शकेल? ते त्यांस हवे आहे काय, हे आधी विचारले काय?