कपाशीतील आकस्मिक मर : आधी पाण्याला वाट द्या

दीर्घ उघडिपीनंतर जोरदार पाऊस कोसळला आणि लगेच कडक ऊन तापले, की भारी काळ्या जमिनीतील पात्या-बोंडांनी लगडलेली कपाशी काही तासांतच माना टाकते. विदर्भ-मराठवाड्यातील उत्पादकांना सध्या हीच चिंता ग्रासते आहे. ही आकस्मिक मर बुरशीचा रोग नसून बदललेल्या परिस्थितीला संपूर्ण झाडाने दिलेला प्रतिसाद आहे.

साचलेल्या पाण्यामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवा निघून जाते व प्राणवायूअभावी मुळांची शोषणशक्ती घटते, म्हणून बुडाशी पाणी असूनही पाने तहानलेली राहतात. त्याच वेळी मुळांत एसीसी नावाचे द्रव्य साठते. त्यापासून इथिलीन हे वायुरूप संप्रेरक, म्हणजे झाडाच्या वाढीचे व गळीचे नियमन करणारे द्रव्य, बनण्यास प्राणवायू लागतो, आणि तो मुळांशी नसल्याने एसीसी रसाबरोबर वर चढते व पानांत पोहोचल्यावर त्याचे इथिलीन होते. परिणामी देठ झुकतात, पाने पिवळी पडतात आणि पात्या-बोंडे गळतात. मज्जासंस्था नसलेले झाड मुळांवरील संकटाची वार्ता अशा रीतीने शेंड्यापर्यंत पोहोचवते.

असे असूनही झाड मलूल दिसताच बुरशीनाशक, कीटकनाशक आणि दुकानदाराने हाती दिलेले टॉनिक एकत्र कालवून पानांवर फवारण्याची सवय सुटत नाही, ही अक्षम्य उधळपट्टी आहे. एकाच शेतात, एकाच वाणाची, खोलगट भागातील झाडे सुकलेली व उंचवट्यावरील टवटवीत असल्याचे वारंवार आढळले आहे. तेथे दोष निचऱ्याचा असतो आणि फवारणीचा सारा खर्च वाया जातो. शंका असल्यास खोड उभे चिरावे : बुरशीजन्य मर रोगात आत तपकिरी रेषा दिसतात, आकस्मिक मरीत दिसत नाहीत.

सर्वप्रथम चर काढून पाणी शेताबाहेर घालवावे. त्यानंतर विलंब न लावता 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरे पोटॅश व 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक बाधित झाडाच्या बुडाशी 100 मिलीलिटर द्रावणाची आळवणी करावी आणि माती पायाने दाबून घ्यावी. यातील ताम्रयुक्त औषध केवळ दुर्बल मुळांच्या रक्षणासाठी आहे. वापसा येताच कोळपणी करून मातीत हवा खेळती करावी.

निचरा न करता केलेला कोणताही उपाय व्यर्थ आहे; म्हणून फवारणी पंपाआधी फावडे हाती घ्यावे.