मुक्त सॉफ्टवेअर आणि उघडी वही



शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स बसविले त्या आठवड्यात आठवीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, हे फुकट आहे, तर बनवणाऱ्यांना पगार कोण देतं?" जगभरचे लोक सेवाभावाने करतात, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आज ते पुरे करीत आहोत. विश्वस्त मंडळींनीही वाचावे ही विनंती, कारण प्रश्न हिशेबाचा आहे.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता व सुधारता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. बँकेच्या संकेतस्थळावर आपण पासवर्ड टाकतो तेव्हा तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात पाठविला जातो. हे काम करणारे 'ओपन-एसएसएल' असेच मुक्त आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला आणि सगळे जग हादरले. मग कळले की, ज्यावर असंख्य संकेतस्थळे विसंबून होती, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला.

पैसा आला की दुसरा प्रश्न येतो: तो ठेवायचा कोणाच्या नावावर? प्रकल्पाचे लोक पाच देशांत विखुरलेले, नोंदणीकृत संस्था नाही. एकाच्या खासगी खात्यात देणग्या जमा झाल्या, तर तो कितीही सज्जन असो, संशयाला जागा राहते. म्हणून काही नोंदणीकृत संस्था अनेक प्रकल्पांचे पैसे सांभाळतात. 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही अमेरिकेतील संस्था १९९७ पासून हे काम करते व देणगीतून ५ टक्के घेते. 'ओपन सोर्स कलेक्टिव्ह' १० टक्के घेते.

या दुसऱ्या संस्थेची पद्धत पाहण्यासारखी आहे. काम करणारा आपले बिल सादर करतो. प्रकल्पाचे जबाबदार लोक ते मंजूर करतात. पैसे मात्र तिसरा हात देतो, म्हणजे सांभाळणारी संस्था, तीही कागद तपासून. प्रत्येक जमा व खर्च कोणालाही दिसतो. घरचा पत्ता, बिलाची प्रत अशा खासगी गोष्टी तेवढ्या झाकलेल्या.

येथे आमचीच एक गोष्ट. एका स्नेहसंमेलनात मंडपाचे पैसे आम्हीच ठरविले, आम्हीच दिले आणि पावती हरवली. कोणी काही बोलले नाही, पण पुढच्या सभेत दोन पालकांनी नजर चुकविली, ती आजही आठवते. पैसा खाल्ला नव्हता; पण ते सिद्ध कशाने करणार? वही उघडी असली तर खर्च करणाऱ्याचीही अब्रू राखली जाते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'जोखना' म्हणजे तोलणे, पारखणे. लेखाजोखा या शब्दात लिहिणे आणि तोलणे दोन्ही आहेत. उघडी वही हा नुसता लेखा झाला. 'बेबेल' या प्रकल्पाची वही सर्वांना उघडी होती, कोट्यवधी लोक नकळत त्याचा उपयोग करीत होते, तरी मे २०२१ मध्ये पैसे संपत आल्याचे त्यांना स्वतःच जाहीर करावे लागले. वही होती, वाचणारे थोडे.

अमेरिकेत बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी सरकारकडे विवरणपत्र द्यावे लागते. मोठ्या संस्थांच्या पत्रात पदाधिकाऱ्यांचे मानधन असते. सदस्यांच्या हितसंबंधांबाबत लेखी नियम आहे का, हेही विचारलेले असते. ते पत्र जनतेला पाहता येते. ओळीने तीन वर्षे दिले नाही तर करसवलत आपोआप जाते.

जोखा कसा असतो, हे पायथन या संगणक भाषेच्या संस्थेत दिसले. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन २००१ मध्ये स्थापन झाले. त्याचे संचालक सदस्यांच्या मतांनी निवडले जातात. सुरक्षेच्या कामासाठी त्यांना सरकारी विज्ञान संस्थेचे १५ लाख डॉलरचे अनुदान मिळू घातले होते; संस्थेचे वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे ५० लाखांचे. पण अटींमध्ये विविधता व समावेशनाच्या उपक्रमांवर बंधन होते, तेही संस्थेच्या सगळ्या कामाला लागू, आणि भंग झाल्यास खर्च झालेले पैसेही परत मागता येणार होते. अट योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. खर्च झालेला पैसा उद्या परत द्यावा लागला तर आणायचा कुठून, हा हिशेब संचालकांनी केला, एकमताने माघार घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कारणांसह जाहीर केले. तोटा कळविण्याचे धैर्य आम्हाला मोठे वाटते.

आमच्या संगणक निधीचा या वर्षीचा जमाखर्च शनिवारपासून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागेल. खर्च मंजूर करणाऱ्याची आणि धनादेशावरची सही यापुढे एकाच व्यक्तीची असू नये, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्तांपुढे ठेवला आहे. फलक वाचून शंका असेल ती लेखी विचारावी, विद्यार्थ्यांनीही.