पगार सुरू झाला. आधी फ्रिज की स्कूटर?

प्रश्न : कंपनीने कमी केल्यावर वर्षभर घरी होतो. गेल्या महिन्यापासून पुन्हा पगार सुरू झालाय. फ्रिजमधून पाणी गळतं, मोबाइलची काच फुटलीय, ऑफिसला जायला दोन बस बदलाव्या लागतात म्हणून स्कूटरही हवी. दुकानदार म्हणतो, फ्रिज-मोबाइल ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्या, व्याज शून्य. मग सगळं आत्ताच का घेऊ नये? क्रेडिट कार्डाचे चाळीस हजार थकलेत आणि बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत, तेवढंच.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘तेवढंच’ म्हणून तुम्ही जे शेवटी लिहिलंत, तेच सगळ्यात महाग पडतंय. कार्डाच्या थकबाकीवर बहुतेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. चाळीस हजारांवर ते दरमहा चौदाशे रुपये झालं, वर त्याचा जीएसटी. शिवाय मागचं बिल पूर्ण फिटलेलं नसताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर नेहमीची बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा भरला तरी व्याजाचं मीटर लगेच सुरू. ‘मिनिमम ड्यू’ भरून हे थांबत नाही. तेव्हा पहिले काही पगार तिकडेच जाऊ द्या.

‘नो कॉस्ट’चं म्हणाल, तर शून्य टक्क्यांच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच हरकत घेतली होती. आता व्याज लागतं, पण तेवढी सूट किमतीत आधीच दिली जाते. तीस हजारांचा मोबाइल सहा हप्त्यांत घेतला आणि दर पंधरा टक्के धरला, तर व्याज साधारण १,२७० रुपये. ते सुटलं, तरी हप्ते कार्डावर असतील तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २३० रुपये, तुमच्याच खिशातून. प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम छोटी आहे, मान्य. पण रोख घेणाऱ्याला काय सूट मिळते, हे दुकानदाराला एकदा विचारून बघाच.

कार्डानंतर पाटल्या. सोनेतारणाचं व्याज कार्डापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून हा नंबर दुसरा. नुसता हिशोब केला तर स्कूटर आधी घेणं कदाचित परवडेलही. मी तरी घेणार नाही. गहाणाची मुदत कधी संपते ते पावतीवर आजच बघा.

फ्रिज बदलण्याआधी मेकॅनिकला बोलवा. पाणी आतल्या कप्प्यात साचत असेल, तर बऱ्याचदा मागची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. नवा घ्यावाच लागला, तर ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं; त्याला तुमच्या वीजबिलातल्या दराने गुणा. तारे मोजताना लेबलचं सालही बघा, कारण निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्याच्या पाचाइतके नसतात. मोबाइलची फक्त काच बदला.

स्कूटर प्रोबेशन संपून नोकरी कायम झाल्याचं पत्र हाती आल्यावर. तोवर बसचा पास काढा आणि स्कूटरचा जेवढा हप्ता बसेल तेवढी रक्कम दरमहा रिकरिंगमध्ये टाकत चला. ती जड जाते का, तेही कळेल. सेकंडहँड बघत असाल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते तपासा. असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र बघितल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.