गृहोपयोगी ट्रेडमिलची निवड : चिकित्सकाच्या दृष्टीतून

प्रमेह, स्थौल्य, उच्च रक्तदाब आणि यकृतातील मेदसंचय यांनी ग्रस्त असलेल्या रुग्णास आपण औषधयोजनेबरोबर व्यायाम सांगतो. केसपेपरवर 'व्यायाम करावा' एवढे लिहिले की आपले कर्तव्य संपले, असा आपल्यापैकी अनेकांचा समज दिसतो. रुग्णाचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. "डॉक्टर, रस्त्यावर चालणे होत नाही. घरी ट्रेडमिल घेऊ का? आणि घेतली तर कोणती?" या प्रश्नाचे उत्तर दुकानातील विक्रेत्यावर सोपविले, तर रुग्ण त्याच्या व्याधीला आणि बलाला अनुरूप यंत्र न आणता विक्रेत्याजवळ शिल्लक असलेले यंत्र घरी आणतो. पुढे दोन-तीन महिन्यांत त्या यंत्रावर कपडे वाळत पडतात, किंवा गुडघा धरून रुग्ण परत आपल्याकडे येतो. म्हणून या यंत्राचा विचार चिकित्सकाने स्वतः करणे आवश्यक आहे.

प्रथम शास्त्रीय प्रश्न. ट्रेडमिलवर चालणे हा व्यायाम आहे की चंक्रमण? हा शब्दच्छल नव्हे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे लाभ सांगताना लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दोषक्षय व अग्निवृद्धी यांचा उल्लेख केला आहे आणि अतिव्यायामापासून होणाऱ्या तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर आदी विकारांचीही गणना केली आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामाहून वेगळे असे चंक्रमण वर्णिले आहे. देहाला फारसा त्रास न देणारे चालणे असे त्याचे स्वरूप असून आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांची वृद्धी हे त्याचे फळ आहे. दोहोंचे अधिकारी निराळे, काल निराळा, मात्रा निराळी.

ट्रेडमिलची गंमत अशी की एकच यंत्र दोन्ही कर्मे करते, आणि त्यांच्यातील सीमा एका बटणाच्या अंतरावर असते. आधुनिक व्यायामशास्त्रातील रूढ समीकरणाने हे मोजता येते. सपाट पट्ट्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना शरीराचा ऊर्जाव्यय विश्रांतीच्या सुमारे ३.४ पट असतो. वेग तोच ठेवून पट्ट्याला ५ टक्के चढ दिला की तो सुमारे ५.५ पट होतो आणि १० टक्के चढावर ७.५ पटीच्याही पुढे जातो. पावलांची गती तीच, पडद्यावरील वेगाचा आकडा तोच. परंतु हृदयावरील भार दुपटीहून अधिक. हृद्रोगतज्ज्ञांकडील टीएमटी तपासणीत बहुधा ज्या ब्रूस पद्धतीचा अवलंब होतो, तिचा पहिला टप्पा ताशी अवघ्या २.७ किलोमीटर वेगाचा, पण १० टक्के चढाचा असतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. चढ हे किती तीव्र द्रव्य आहे, हे यावरून ध्यानात यावे. रुग्णाला 'हळू चाला' असे सांगून भागत नाही; 'सपाट चाला' हेही सांगावे लागते.

(इंग्लंडमध्ये १८१८ साली विल्यम क्युबिट या अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांना राबविण्यासाठी पायचक्की सुचविली. तिचे नावही ट्रेडमिलच. १८९८ च्या कायद्याने ती शिक्षा तेथे बंद झाली. आज तेच नाव धारण करणारे यंत्र आपण हप्त्यांवर घेतो!)

आता मात्रा. शास्त्रकारांनी अर्धशक्ती हे व्यायामाचे मान सांगितले आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, आणि कपाळ, नाक, काखा व हातापायांचे सांधे येथे स्वेद दिसणे, मुख कोरडे पडणे ही त्याची लक्षणे होत. बोलता येते पण गाता येत नाही, या आजच्या प्रचलित कसोटीशी हे मान बरेच जुळते. यंत्राच्या दांड्यावरील धातूची पट्टी पकडून दिसणारा नाडीचा आकडा चालत असताना फारसा विश्वसनीय नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या रुग्णात नाडीचा वेग औषधाने रोखलेला असतो. असा रुग्ण शक्तीच्या बाहेर गेला तरी पडदा त्याला 'अजून वेग वाढवा' असेच सुचवील. येथे अर्धशक्तीची लक्षणे यंत्रापेक्षा सरस ठरतात, हे मी अभिनिवेशाने म्हणत नाही. रोजच्या अनुभवाचे हे सांगणे आहे. पडद्यावरील कॅलरीचा आकडा तर केवळ करमणुकीसाठी समजावा. दांड्याला धरून, अंगाचा भार हातांवर टाकून चालणाऱ्या रुग्णाच्या कॅलरी यंत्र पूर्ण मोजते.

ऋतूचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात ट्रेडमिलची चौकशी होते ती आषाढ-श्रावणात. कोकणात, मुंबईत, पुण्यात पाऊस लागला की सकाळचे फिरणे थांबते आणि रुग्ण दुकानात जातो. चरकाचार्यांनी मात्र सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात वर्षाऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, कारण त्या काळी अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. मग काय करावे? प्रमेही रुग्णास चार महिने बसवून ठेवणे हा मार्ग नव्हे. सुश्रुतांनी प्रमेहचिकित्सेत दीर्घ पदभ्रमण सांगितले आहे, ते विसरता येणार नाही. माझ्या मते वर्षाऋतूत यंत्राचा उपयोग चंक्रमणापुरता ठेवावा : चढ शून्य, वेग ताशी ३ ते ४ किलोमीटर, कालावधी थोडा पण दिवसातून दोन-तीन वेळा. अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम हेमंत, शिशिर व वसंतासाठी राखावा. नवे यंत्र आणल्याच्या उत्साहात पहिल्याच आठवड्यात पाऊण तास धावणारा रुग्ण भर पावसाळ्यात संधिशूल घेऊन येतो, त्याचे कारण निराळे शोधण्याची गरज नाही.

भोजनोत्तर चालण्याविषयीही गोंधळ आहे. भोजनानंतर लगेच व्यायाम निषिद्ध. शतपावली मात्र विहित. २०१३ साली 'डायबिटीज केअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, साखरेचे प्रमाण बिघडण्याची शक्यता असलेल्या वृद्धांमध्ये तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर एकदाच पाऊण तास चालण्यापेक्षा अधिक चांगली नियंत्रित झाली. अभ्यासातील व्यक्ती थोड्या होत्या, म्हणून त्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये. पण हे चालणे ट्रेडमिलवरच झाले होते, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने नोंदण्याजोगे आहे. ग्लिमेपिराइडसारखी औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने चालताना साखर जवळ ठेवावी आणि घरात एकटे असताना यंत्रावर चढू नये.

ज्यांना यंत्र मुळीच सुचवू नये असेही रुग्ण आहेत. चालताना छातीत दाब येणे, भोवळ, श्रमाने वाढणारा श्वास ही लक्षणे असल्यास आधी हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. 'थोडे थोडे चालून बघा' हा सल्ला देऊ नये. पांडू, क्षीण, नुकताच ज्वरमुक्त झालेला, अजीर्णी यांना व्यायामाचाच अधिकार नाही. जानुसंधिगत वातात शोथ असेल तर बैठी सायकल बरी. प्रमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्या रुग्णास फोड आल्याचे कळत नाही; त्याने बूट-मोज्यांशिवाय पट्ट्यावर पाय ठेवू नये आणि उतरल्यावर तळवे आरशात पाहावेत.

यंत्राकडे वळू. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत मोटरची अश्वशक्ती असते आणि फसगतही तेथेच होते. 'पीक' म्हणून लिहिलेली ४ अश्वशक्ती ही क्षणभराची शक्ती असते. पाहावयाची ती 'कंटिन्युअस', म्हणजे अखंड चालताना मिळणारी. एक साधा हिशेब विक्रेत्यापुढे मांडावा. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. ४ अश्वशक्ती म्हणजे २,९८४ वॉट. घरातील लहान, ६ अँपियरचे सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॉटच देऊ शकते. यंत्राला लहान पिन असेल आणि अंगावर ४ अश्वशक्ती लिहिलेली असेल, तर तो आकडा अखंड शक्तीचा असूच शकत नाही. केवळ चालण्यासाठी दीड ते दोन, आणि धावण्यासाठी अडीच ते तीन अखंड अश्वशक्ती पुरेशी होते. यंत्र १६ अँपियरच्या, अर्थिंग नीट असलेल्या स्वतंत्र सॉकेटवर चालवावे. एक्स्टेन्शन बोर्ड नको, घरच्या इन्व्हर्टरची लाइनही नको. वीज वारंवार जाते त्या गावी ही बाब प्राणाशी गाठ घालणारी आहे, कारण धावत असताना पट्टा थांबला तर शरीर थांबत नाही.

पट्ट्याची रुंदी चालण्यासाठी किमान ४० सेंटिमीटर व लांबी ११० ते १२० सेंटिमीटर असावी. उंच व्यक्तीस किंवा धावणाऱ्यास ४५ ते ५० रुंद व १३० च्या आसपास लांब पट्टा लागतो. अरुंद पट्ट्यावर स्थूल रुग्ण पाय जवळ जवळ टाकतो आणि त्याची चाल बिघडते. यंत्राची भारमर्यादा रुग्णाच्या वजनापेक्षा निदान २०-२५ किलो अधिक असावी. ९५ किलोच्या रुग्णास १०० किलोचे यंत्र देऊ नये. दुकानात उभ्याने बटणे दाबून यंत्र निवडू नये. बूट घालून ताशी ३-४ किलोमीटर वेगाने दहा मिनिटे चालावे. पाऊल टेकताच पट्टा क्षणभर अडखळत असेल तर मोटर त्या वजनाला अपुरी आहे. ही परीक्षा सर्व माहितीपत्रकांहून खरी.

मोटर नसलेले, पायांनी पट्टा ढकलण्याचे स्वस्त सपाट यंत्र दिसते. ते कायम चढावर असते आणि पट्टा ढकलण्यासाठी दांडा घट्ट धरावा लागतो. वृद्ध, हृद्रोगी व संधिविकारी यांना ते देऊ नये. अलीकडे पलंगाखाली सरकणारे, दांडे नसलेले चालण्याचे पट्टे आले आहेत. तरुणास ठीक, साठीच्या पुढील रुग्णास धरावयास काही नसणे हा दोषच होय.

सुरक्षाचावी, म्हणजे कपड्याला अडकविण्याची ती तांबडी दोरी, हा यंत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग आहे. पडल्यास ती निघते व पट्टा थांबतो. वापर संपल्यावर ती काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. २०२१ मध्ये अमेरिकेत एका सहा वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाल्यानंतर पेलोटन कंपनीला आपली ट्रेड प्लस ही सुमारे १,२५,००० यंत्रे परत मागवावी लागली. मुले, पाळीव प्राणी व वस्तू पट्ट्याच्या मागील बाजूस खाली ओढल्या जात होत्या. आपल्या दोन खोल्यांच्या घरात यंत्र भिंतीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत याहून धोकादायक आहे, कारण घसरलेला माणूस चालता पट्टा आणि भिंत यांच्या मध्ये सापडतो. मागे २ मीटर व दोन्ही बाजूंस अर्धा मीटर जागा मोकळी नसेल, तर रुग्णास स्पष्ट नकार द्यावा. त्यापेक्षा जिना, गच्ची किंवा सूर्यनमस्कार बरे, आणि ते फुकटही आहेत.

आपल्या संप्रदायाशी निगडित दोन सूचना. अभ्यंग वा पादाभ्यंग करून त्याच पायांनी यंत्रावर चढणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अभ्यंगानंतर स्नान करून, पाय कोरडे करून, बूट घालूनच चढावे. किंवा व्यायामाची वेळच निराळी ठेवावी. दुसरे, पट्टा कुरकुरू लागला की घरातील तीळतेल किंवा खोबरेल त्याखाली सोडण्याचा मोह होतो. तेथे उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉनचे वंगणच चालते. खाद्यतेलाने धूळ चिकटते, पट्टा घसरतो आणि वॉरंटीवर वाद होतो.

औषधी दुकानांच्या चालकांसाठी थोडेसे. वजनकाटा व रक्तदाबयंत्रांप्रमाणे ट्रेडमिलही विक्रीस ठेवावी का, असे विचारले जाते. आपल्या तालुक्यात दुरुस्तीचा माणूस आठवडाभरात येत असेल तरच ठेवावी. वॉरंटी मोटरची, पट्ट्याची व मजुरीची वेगवेगळी असते. ती लेखी घ्यावी. घरगुती वापराचे यंत्र चिकित्सालयात वा पंचकर्म केंद्रात अनेकांसाठी चालविल्यास वॉरंटी बहुधा लागू होत नाही. वैद्याने विक्रेत्याकडून कमिशन घेऊ नये, कारण कमिशन घेतल्यावर 'तुम्हाला यंत्राची गरज नाही' हे वाक्य तोंडातून निघणे कठीण होते.

ते वाक्य पुष्कळदा उच्चारावे लागते. मी रुग्णास आधी दोन महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास घराबाहेर चालावयास सांगतो आणि तारखा वहीत लिहावयास लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे त्यात पूर्ण होतात. वही भरली तर यंत्राचा विचार करतो. मग केसपेपरवर औषधाप्रमाणेच लिहितो : चढ ०, वेग ताशी ३.५, काल १० मिनिटे, प्रातः व सायं, रिक्तकोष्ठी नाही, भोजनोत्तर लगेच नाही. पंधरा दिवसांनी नाडी, रक्तदाब, वजन व गुडघे पाहून पुढील मात्रा.