‘जैसे थे’ आणि ‘विसर्जन’ : इंटरनेट फोनचा कॉल कसा संपतो?



परेडवरचे ‘जैसे थे’ आणि ‘विसर्जन’ हे दोन हुकूम तुम्हाला चांगले ठाऊक आहेत. पहिला नुकताच दिलेला हुकूम मागे घेतो, दुसरा परेड संपवतो. इंटरनेट टेलिफोनी शिकवताना मी याच दोन हुकुमांपासून सुरुवात करतो. फोनवरचे लाल बटण एकच असले, तरी ते दाबल्यावर जाणारा संदेश प्रसंगानुसार वेगळा असतो.

इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्यासाठी ‘सिप’, म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, सर्रास वापरला जातो. त्याचे मुख्य नियम जून २००२ मध्ये ‘आरएफसी ३२६१’ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. पालकांच्या ४जी मोबाइलवरचा व्होल्टे कॉलही सिपच्याच आधारे जोडला जातो.

समजा, आईने शाळेच्या कार्यालयात फोन लावला. तिच्या फोनकडून ‘इन्व्हाइट’ निघते. मधला सर्व्हर ‘१०० ट्राइंग’ असे कळवतो. कार्यालयातील फोन वाजू लागला की ‘१८० रिंगिंग’ येते. रिसीव्हर उचलला की ‘२०० ओके’ येते आणि आईचा फोन ‘अ‍ॅक’ पाठवून त्याची पोच देतो.

कॅन्सल : हुकूम मागे

फोन वाजतो आहे, कोणी उचलत नाही, म्हणून आईने लाल बटण दाबले. आता ‘कॅन्सल’ जाते. ते कॉल करणाऱ्या बाजूनेच पाठवायचे असते, आणि तेही पलीकडून ‘१००’ किंवा ‘१८०’सारखे एखादे तात्पुरते उत्तर आल्यावरच. कोणता हुकूम मागे घेतला हे नेमके कळावे, म्हणून त्यात मूळ इन्व्हाइटचाच कॉल-आयडी आणि तोच अनुक्रमांक असतो.

त्यावर उत्तरे दोन येतात. कॅन्सलला ‘२०० ओके’, आणि मूळ इन्व्हाइटला ‘४८७’, म्हणजे विनंती थांबवली. नोंदींमध्ये ४८७ दिसला की नवशिके बिघाड शोधू लागतात. तो बिघाड नव्हे. हुकूम नीट पाळल्याची खूण आहे.

कार्यालयाला कॉल घ्यायचाच नसेल, तर ते कॅन्सल पाठवत नाही. ‘४८६ बिझी हिअर’ किंवा ‘६०३ डिक्लाइन’ असे उत्तर देते.

बाय : परेड संपली

बोलणे सुरू झाल्यानंतर कॅन्सलचा उपयोग नाही. तेव्हा ‘बाय’ लागते आणि ते दोघांपैकी कोणीही पाठवू शकतो. बाय ही स्वतंत्र, नवी विनंती असते. तिचा अनुक्रमांक स्वतःचा असतो आणि तिला ‘२०० ओके’ हे उत्तर मिळते. बाय पाठवताच पाठवणारा फोन आवाज पाठवणे आणि ऐकणे थांबवतो. उत्तर हरवले म्हणून तो कॉल चालू धरत नाही.

खरी कसोटी

आईने लाल बटण दाबले आणि त्याच क्षणी इकडे रिसीव्हर उचलला गेला, तर? कॅन्सल आणि ‘२०० ओके’ वाटेत एकमेकांना ओलांडतात. आईच्या फोनने ‘मी तर रद्द केला’ म्हणून गप्प बसणे नियमात बसत नाही, कारण पलीकडे कॉल लागला आहे आणि कारकून ‘हॅलो, हॅलो’ करतो आहे. म्हणून आईच्या फोनने आधी अ‍ॅक द्यावा, मग लगेच बाय पाठवावे. हे झाले नाही, तर पोच मिळेपर्यंत कार्यालयाचा फोन ‘२०० ओके’ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. नेहमीच्या मापाने ३२ सेकंद वाट पाहून तो स्वतः बाय पाठवतो. तेवढा वेळ लाइन अडकते आणि दुसऱ्या एखाद्या पालकाचा तातडीचा फोन बाहेर थांबतो.

लक्षात ठेवा : आपण हुकूम दिला म्हणजे काम झाले, असे नाही. पलीकडची बाजू त्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, त्यावर योग्य हुकूम ठरतो.

स्वाध्याय

प्रयोगशाळेतील दोन संगणकांवर सॉफ्टफोन आणि वायरशार्क सुरू करा. एक कॉल वाजत असताना तोडा, दुसरा उचलल्यानंतर तोडा. दोन्हींचे संदेश क्रमाने वहीत लिहा आणि प्रत्येक ‘२०० ओके’ कोणत्या विनंतीचे उत्तर आहे, ते बाणाने दाखवा. त्या बाणांत चूक झाली नाही, तर धडा समजला असे मी मानेन.