करवंद : एका रानफळाचा पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास)

सह्याद्रीच्या उतारावरील मुलांना करवंदाची ओळख करून द्यावी लागत नाही. पिकलेले फळ फोडून आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी, हा खेळ ती पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. तथापि परिचित वस्तूविषयीच पुष्कळदा यथार्थ ज्ञान नसते. ते करून देणे हा या पाठाचा हेतू होय.

आहारमूल्य. 'करवंदाने रक्त वाढते' असे लोक म्हणतात. हे विधान शिक्षकांनी पारखून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के भारतीय मुले रक्तक्षीण आढळली. एवढा व्यापक दोष एका फळाने दूर होणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीची जागा करवंद घेऊ शकत नाही. मात्र बाजरी व पालेभाजी यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व साहाय्य करते. ते आवळ्याच्या मानाने करवंदात फारच थोडे असले, तरी आंबट ताजे फळ जेवणासोबत खाणे हितकारकच आहे. उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते, म्हणून कच्च्या करवंदांची चटणी न शिजविता वाटावी. फाल्गुन-चैत्रात शाळा चालू असताना शालेय पोषण आहारासोबत ती सहज देता येईल.

टिकाऊ पदार्थ. वैशाखात फळ पिकते व थोड्याच दिवसांत नासते. पुष्कळसे रानातच गळून जाते. या फळात आम्ल व पेक्टिन ही दोन्ही असल्यामुळे त्याचा रस साखर घालून आटविला की थंड झाल्यावर थिजतो. जेली, मुरंबा व सरबत यांस ते म्हणूनच योग्य आहे. गावातील बचत गटांना हा हंगामी धंदा करता येईल. परंतु विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी केली पाहिजे, आणि बाटलीवर रोग बरे करण्याचा दावा छापू नये.

प्रयोग. पिकलेल्या फळांचा रस दोन पेल्यांत घ्यावा. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकावा. रंगांत पडलेला फरक मुलांनीच सांगावा, व आम्ल आणि अल्क यांचा भेद शिक्षकांनी त्यावरून समजावून द्यावा.

सावधगिरी. करवंद हे कण्हेरीच्या कुळातले आहे, आणि कण्हेर विषारी आहे. यास्तव अनोळखी फळ चाखू नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

प्रश्न. १. करवंदाची चटणी न शिजविता का वाटावी? २. करवंदाचा रस कशामुळे थिजतो? ३. कुंपणासाठी वा सरपणासाठी जाळ्या मुळापासून तोडल्या, तर पुढील वैशाखात गावाचे काय नुकसान होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून लिहून आणावे.