तो दांडा जागेवर बसव

चिपळूण,
दि. 28 जून 2020

चि. बाळ यास,

छपराचे पत्रे घेऊन दिवेआगरला गेलेला टेम्पोवाला काल संध्याकाळी परतला आणि वाडीची हकीकत सांगता सांगता, जिचे गांभीर्य त्याच्या ध्यानीही आले नव्हते अशी एक गोष्ट बोलून गेला. साखळीचे करवत-यंत्र तू बनियनवर, पायांत साध्या चपला घालून, प्रसंगी एकाच हाताने चालवतोस आणि त्याच्या पुढच्या मुठीसमोरचा दांडा ‘अडचण होते’ म्हणून तू काढून ठेवला आहेस, असे तो म्हणाला. मी त्याला तीन वेळा विचारून खातरजमा करून घेतली. रात्री झोप लागली नाही.

3 जूनच्या वादळाने सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवर आंबे-फणस कोसळले, रस्ते बंद पडले. अशा वेळी हाती यंत्र असलेल्या तरुणाने स्वस्थ बसावे असे मी कसे म्हणेन? परंतु तो दांडा काढण्याची मुभा तुला कोणी दिली? पात्याच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला नकळत टेकला की साखळीचे दात लाकडात अडकतात आणि इंजिनाचा सारा जोर, लाकूड कापण्याऐवजी, ते पातेच उलटे उसळवून चालवणाऱ्याच्या गळ्याकडे फेकतो. साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेगाने धावत असते. आपल्याला भान येऊन हात मागे घेण्याइतका अवकाश तेथे नसतो. त्या उसळीत दांडा पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते, एवढ्यासाठीच त्याची योजना आहे. दोन्ही मुठी दोन्ही हातांनी, अंगठा मुठीखालून घेऊन धरल्या तरच यंत्र ताब्यात राहते. आणि खांद्याच्या वर ते कधीही न्यायचे नसते, मग माडाची झावळी कितीही हाताशी आलेली असो.

तू म्हणशील, काका वखारीतला माणूस, त्याला गोल करवत ठाऊक, या नव्या यंत्राचे त्याला काय कळते. बाळ, करवत नवी असो वा जुनी, लाकूड तेच असते. आपल्या वखारीतली ती गोष्ट घरात सर्वांना ठाऊक आहे आणि माझ्या देखत ती कोणी काढत नाही, हेही मला ठाऊक आहे. 1971 च्या पावसाळ्यात एका सकाळी चौकटीला खाच पाडण्यासाठी मी गोल करवतीमागची उभी पोलादी पट्टी काढली. चिरलेल्या लाकडाच्या दोन फाका मिटून पात्याला चिमटा बसू नये, म्हणून ती पट्टी असते. खाच पाडून झाली; पट्टी परत बसवायला दोन मिनिटे लागली असती, पण पावसाची सर आली आणि मी बाहेरची फळकुटे झाकायला धावलो. दुपारी दादा ऐनाची फळी चिरायला उभे राहिले. ऐनात ताण होता, फाका मिटल्या, फळी उलट उसळली आणि तिच्यावरचा दादांचा डावा हात पात्यावर गेला. पुढचे तुला माहीत आहे. तुला पोहायला शिकवताना विहिरीत तुझ्या पोटाखाली ज्या हाताचा आधार असे, तो तीन बोटांचा हात माझ्या हयगयीची खूण होता. दादांनी मला जन्मात एक शब्द लावला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात, 21 व्या कलमान्वये, यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची आणि यंत्र चालू असेतो ते कुंपण जागेवर ठेवण्याची ताकीद आहे. वाडीत झाड कापणाऱ्याच्या मागे कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून तो दांडा, बाळ, तुझा तूच जपायचा आहेस.

वादळात पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा कपटी असते, हेही ध्यानात ठेव. दोन्ही टोकांवर टेकलेला बुंधा वरच्या अंगाला दबलेला आणि खालच्या अंगाला ताणलेला असतो. त्याला वरून थोडे कापून मग खालून भेटावे, एकदम वरूनच कापत गेलास तर तो पाते गिळून बसेल. मुळासकट उपटलेल्या आंब्याचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो, म्हणून त्या खड्ड्यात पोरांना खेळू देऊ नकोस. आणि परसातल्या जुन्या झाडांत वाळवणाच्या तारांचे खिळे असतात. दात त्यावर आधी आपटतात, डोळ्यांना ते मागून दिसतात.

साखळीची निगा तू बरी राखतोस असे टेम्पोवाला म्हणाला, त्याने समाधान वाटले. भुशाऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समज आणि जोर लावण्याऐवजी गोल कानस घे. प्रत्येक दाताला सारखेच हात मार, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. काम संपल्यावर साखळी सैल कर, कारण गरम असताना ताणलेली साखळी निवल्यावर आखडते. साखळीला जळके तेल घालू नकोस. हे सारे तू शिकशील. शिकायला तुला आयुष्य आहे. मला घोर आहे तो त्या दांड्याचा.

तिखट लिहिले असेल तर विसरून जा. पलीकडच्या एकट्या आजींच्या घरावरचा फणस तू पैसे न घेता काढून दिलास, हेही त्याच माणसाने सांगितले, आणि ते ऐकताना मला दादाच समोर उभे असल्यासारखे वाटले. तुझ्या आईला यातले काही सांगू नकोस; या महिन्यात तिने पुष्कळ सोसले आहे.

परवा निघणाऱ्या टेम्पोबरोबर जाड बूट, चष्मा, कानांवरची झाकणे आणि, काढलेला दांडा सापडत नसेल तर म्हणून, एक नवा दांडा पाठवत आहे. तो बसवून पाहा, साखळी थांबते की नाही त्याची खात्री कर, आणि कितीही रात्र झाली असली तरी मला फोन कर. मी जागा आहे.

तुझा,
काका